मेथाडोनवर पेशंट टिकला म्हणजे ट्रीटमेंट यशस्वी का?

प्रश्न: हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोनचे (हेरॉइनऐवजी रोज देतात ते औषध) अभ्यास वाचतोय, बघावं तिकडे रिटेन्शनचाच आकडा, वर्षभर किती टिकले वगैरे. पण टिकला म्हणजे सुधारला असं कसं म्हणायचं?

उत्तर १: टिकणं हाच अर्धा निकाल आहे रे. बीएमजे या मेडिकल जर्नलमधला 2017 चा आढावा बघ, मेथाडोन चालू असताना दर हजार पेशंटमागे वर्षाला साधारण 11 मृत्यू आणि सुटल्यावर 36, त्यात सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार वाईट कारण शरीराची सवय उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने हेरॉइन घेतो.

उत्तर २: हो पण जे टिकतात ते मुळातच जरा सावरलेले असतात ना, घर असतं, काम असतं, म्हणजे सगळं श्रेय औषधाचं नाही. शिवाय सुरू करतानाचे पहिले चार आठवडेही धोक्याचेच. आणि डोस विचारा आधी! 30-40 मिलिग्रॅमवर ठेवला आणि पेशंट पळाला तर दोष कुणाचा? 60 च्या वर दिलं की जास्त टिकतात.

उत्तर ३: सोडून गेलेले सगळे फेल धरू नका, कोणी जेलमध्ये असतो, कोणी गाव बदलतो. युरिन टेस्ट, इंजेक्शन घेणं, कामधंदा हे वेगवेगळं मोजा.