व्हिसाचा अर्ज स्वतः भरावा की सल्लागाराकडे द्यावा?

वाटसरू:
माझं मत स्पष्ट आहे, अर्ज स्वतःच भरावा. कॅनडाच्या विद्यार्थी व्हिसासाठी मी सल्लागार धरला होता. त्याआधी एका देशाने मला व्हिसा नाकारला होता, हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तरी "पूर्वी व्हिसा नाकारला आहे का?" या प्रश्नापुढे त्याने "नाही" लिहिलं. अर्ज पाठवण्याआधी मी मसुदा मागवला, म्हणून दिसलं. विचारल्यावर म्हणाला, "उगाच कशाला सांगायचं?" कॅनडात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर 5 वर्षं प्रवेश बंद. अर्ज कोणी का भरेना, बंदी अर्जदारावर येते. फॉर्म, कागदपत्रांची यादी, फी, सगळं सरकारी साइटवर आहे. मग मध्ये तिसरा माणूस हवा कशाला?

नदीकाठ:
असहमत. तुम्हाला माणूस वाईट भेटला, त्यावरून सगळ्यांना एकच नियम लावू नका.
मी जर्मनीत होतो. नोकरी बदललेली, निवास परवाना संपायला तीन आठवडे, आणि परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट काही मिळेना. रात्र रात्र झोप नव्हती. शेवटी वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितलं, अपॉइंटमेंटची वाट बघू नका, मुदत संपायच्या आत लेखी अर्ज टाका आणि पोचीचा पुरावा जपून ठेवा. तिथल्या निवास कायद्याच्या कलम 81 नुसार मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात. तसा दाखलाही मिळतो, त्याला फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग म्हणतात. तो मिळाला आणि नोकरी वाचली. हे सगळं कायद्यात लिहिलेलंच आहे, मान्य. पण त्या तीन आठवड्यांत, परक्या भाषेत, ते मला सापडलं नसतं.

वाटसरू:
तुमचं प्रकरण अडलेलं होतं, तिथे वकील हवाच. मी सरळ अर्जांबद्दल बोलतोय.

नदीकाठ:
माझाही सरळच होता हो, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत.

शाईपेन:
तुम्ही दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलताय. एक परवानाधारक, दुसरा नुसता एजंट. कॅनडात पैसे घेऊन अर्जदाराचं प्रतिनिधित्व करायला वकील किंवा तिथल्या नियामक संस्थेचा (तिला "कॉलेज" म्हणतात) परवाना असलेला सल्लागार लागतो (क्विबेक प्रांतातले नोटरीही चालतात). ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट असतात. ब्रिटनमध्ये वकील नसलेल्या सल्लागारांची नोंदणी इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे होते. याद्या ऑनलाइन आहेत, नाव दोन मिनिटांत तपासता येतं.
मात्र एक मेख आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाची नोंदणीची सक्ती त्या देशांत बसून सल्ला देणाऱ्यांना आहे. बाहेर ऑफिस थाटलेल्याला ती लागू नाही, आणि बहुतेक लोक नेमके त्याच ऑफिसात जातात. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात "आमची ओळख आहे" म्हणणाऱ्याकडून तर तडक उठून यावं. ते केंद्र कागद आणि बोटांचे ठसे घेतं, निर्णय वकिलातीचा किंवा त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचा.

वाटसरू:
हा फरक मी केला नव्हता, चूक माझी. तरी परवानाधारक असला तरी भरलेला अर्ज ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही करू नका, यावर मी ठाम आहे.

नदीकाठ:
त्यावर वाद नाही. माझ्या वकिलांनीच मला दोनदा वाचायला लावला होता.

पायवाट:
माझा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) परवा नाकारला. आता वकील करू की पुन्हा स्वतःच अर्ज करू?

शाईपेन:
आधी नकाराचा कागद नीट बघा. छापील कारणांपैकी कुठल्या चौकोनावर खूण आहे? प्रवास विमा किंवा पैशांचा पुरावा कमी पडला असेल, तर तो जोडून स्वतः नवा अर्ज करता येईल. कागद खोटे असल्याच्या किंवा मुदतीत परत न जाण्याच्या शंकेवर खूण असेल, तर वकील गाठा, तोही ज्या देशाने नाकारलं त्या देशाचा, कारण अपील त्याच देशाच्या कायद्याने चालतं. अपिलाची माहिती त्याच कागदावर असते. मुदत आजच बघून घ्या.