मदत हवी आहे : अनंत शब्द आणि हवाईयन इअररिंग

मंडळी, हवाईयन इअररिंगपाशी गाडी अडली आहे. १, १/२, १/३… त्रिज्येची वर्तुळं, सगळी एकाच बिंदूत चिकटलेली. तिथला फंडामेंटल ग्रुप (त्या बिंदूतून निघून तिथेच परतणाऱ्या फेऱ्यांचा ग्रुप) अनंत लांबीच्या शब्दांनी लिहितात, अक्षर अ१, अ२… म्हणजे त्या-त्या वर्तुळाची एक फेरी; अट एवढीच की प्रत्येक अक्षर मर्यादित वेळाच यावं, अनंत वेळा नाही. म्हणून [अ१,अ२][अ१,अ३][अ१,अ४]… बाद ([अ,ब] म्हणजे कॉम्युटेटर, अ ब अ⁻¹ ब⁻¹), पण [अ१,अ२][अ३,अ४][अ५,अ६]… चालतो.

या दुसऱ्या शब्दात प्रत्येक अक्षराच्या घातांची बेरीज शून्य, म्हणजे होमॉलॉजीतही (ग्रुपमधले सगळे कॉम्युटेटर शून्य मानले की उरतं ते) शून्यच, असं मी धरून चाललो होतो. तिथेच फसलो! पहिली २म अक्षरं ठेवून बाकी पुसली की म कॉम्युटेटर उरतात, आणि फ्री ग्रुपमध्ये (जिथे फक्त शेजारची अक्षर-उलटअक्षर जोडी कटते) त्यांचा गुणाकार त्याहून कमी कॉम्युटेटरांत मावत नाही. म कितीही मोठा घेता येतो, म्हणून अख्खा शब्द मर्यादित कॉम्युटेटरांचा गुणाकार नाही, आणि होमॉलॉजीत शून्यही नाही. हे ‘मावत नाही’ कुणी सिद्ध करून दाखवेल का? निदान म = २ साठी? पृष्ठभागाच्या जीनसवरून (भोकांच्या संख्येवरून) होतं हे माहीत आहे, पण मला अक्षरांची काटछाट करूनच हवंय. दोन रात्री वही भरली, [अ१,अ२][अ३,अ४] जागचं हलत नाही.