‘धोरणाची उसनवारी’ म्हणावं का?

नौपाडा, ठाणे: बी.एड.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. एका देशाची शिक्षणपद्धत दुसरा देश घेतो, त्याला अभ्यासक ‘पॉलिसी बॉरोइंग’ म्हणतात. मी ‘धोरणाची उसनवारी’ लिहिलं, पण वाचताना खटकतंय.

नेरुळ: ताई, खटकणारच. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, तर ती परत करायची असते. बालवाडी आपण जर्मनीला कुठे परत केली? ‘उचल’सुद्धा नको, ती मजुरीतून कापली जाते. मी ‘कलम’ म्हणेन. खुंट इथला, काडी बाहेरची.

कोपरी, ठाणे: बालवाडीचं नाव निघालंय म्हणून सविस्तर लिहितो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. प्रशिया या जर्मन राज्याने १८५१ मध्ये त्यावर बंदी घातली, पण परदेशी गेलेल्या जर्मन माणसांबरोबर ती कल्पना पसरत राहिली. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनचं, १८५६ चं, आणि ते जर्मन भाषेतच चालायचं. इंग्रजीने शब्द होता तसाच ठेवला. जपानीत ‘योचिएन’ झालं, त्यातला ‘एन’ म्हणजे बागच.

आपली ‘वाडी’ही तीच. घाटावर वाडी म्हणजे चार घरांची वस्ती, पण वसई-पालघरकडे वाडी म्हणजे केळी-नारळाची बागायत. माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे ‘बालवाडी’ म्हटलं की मला आधी पाटाचं पाणी आठवतं.

‘अंगणवाडी’ तर याच पट्ट्यातली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. माँटेसरी पद्धतीची शिकवण्याची साधनं महाग, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पानं हाताशी घेतली. मुलं शाळेपर्यंत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. आज केरळातही तोच चालतो. एवढं सगळं घडलं त्याला ‘उसनवारी’ म्हणणं मला ताराबाईंवर अन्याय वाटतो.

नौपाडा, ठाणे: पटलं. पण ‘धोरणाचं कलम’ लिहिलं की मुलं कायद्याचं कलम समजतील. शिक्षण हक्क कायदा त्याच पेपरला आहे! ‘रुजवात’ चालेल?

नेरुळ: नको, रुजवात म्हणजे हिशेब ताडून पाहणं. ‘रुजवण’ लिहा.

कोपरी, ठाणे: पण घेतलेलं सगळंच रुजत नाही. फिलिप्स आणि ऑक्स या अभ्यासकांनी पॉलिसी बॉरोइंगचे चार टप्पे मांडलेत: दुसऱ्या देशाचं आकर्षण, निर्णय, अंमलबजावणी आणि शेवटी ते आपलंसं होणं. ‘रुजवण’ फक्त चौथ्याला शोभेल. एकूण प्रक्रियेला ‘स्वीकार’ म्हणा, त्यात परतफेड येत नाही.

नौपाडा, ठाणे: ‘धोरण-स्वीकार’ आणि चौथ्याला ‘रुजवण’. आजच बदलते. पहिल्या टप्प्याला ‘ओढ’ लिहिलं तर?