मदत हवी आहे: जुनी .२२ रायफल घ्यायचीय, ब्रनो की अँशुट्झ?

नमस्कार मंडळी,

नेमबाजीसाठीचा .२२ चा (आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात) परवाना हातात आलाय. आजवर सगळा सराव १० मीटरवर, .१७७ च्या एअर रायफलवर. आता ५० मीटरला जायचंय. बाहेरून नवी मागवणं नावाजलेल्या नेमबाजांनाच जमतं, म्हणून वापरलेलीच बघतोय. दोन समोर आहेत आणि दोन्ही मालकांना घाई आहे.

एक जळगावातली ब्रनो मॉडेल २. बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीमागे हाताने बोल्ट मागेपुढे करायचा, पाच काडतुसांचं मॅगझिन, हलकी, सडपातळ नळी. दुसरी धुळ्याकडची अँशुट्झ, मॉडेल ६४ अ‍ॅक्शनची, एका वेळी एकच काडतूस, जाड नळी, डायॉप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची). किंमत जवळजवळ दुप्पट.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, शर्टाच्या बटणाएवढं. टेकूवरून मारलेल्या पाच गोळ्या त्याच्या आसपास राहाव्यात, म्हणजे पुढे गोळी बाहेर गेली तर हात माझाच हलला हे तरी कळेल.

घरी मात्र वेगळंच गणित चालू आहे. आमचं वावर रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. रात्री मक्यात, केळीत रानडुकरं उतरतात. वडील म्हणतात, "एवढा पैसा घालतोस, तर दोन डुकरं तरी पडू दे." म्हणून त्यांचा कल ब्रनोकडे. मी नाही म्हणतोय, पण त्यांना वाचून दाखवता येईल असं कुणी लिहा.

जुनी .२२ तपासायची कशी? नळी आतून चकचकीत दिसली की झालं? काडतुसं कुठली घ्यावीत? (कारखाना शेजारी वरणगावात, पण तो माल फौजेचा!)

नेमधरू_धुळे:
कागदावर मारायचं असेल तर अँशुट्झ, पण तपासूनच. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर बसते. रायफल रिकामी चालवत राहिलं की तीच पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) काठावर आपटते आणि खाच पडते. मग काडतूस अडकतं. टॉर्च घेऊन तो काठ बघा. दुसरं, नळीचं तोंड भिंगातून बघा. साफसफाईची सळई वर्षानुवर्षं तोंडाकडून घातली असेल तर तिथली कड झिजलेली असते, आणि तशी नळी आतून कितीही चमकली तरी ग्रुप फाटतो, म्हणजे गोळ्या एका जागी न बसता विखुरतात.

काडतुसाचं म्हणाल तर प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही (वेगवेगळ्या खेपेला बनलेल्या मालात) फरक पडतो. मालकाला रेंजवर बोलवा, तीन-चार प्रकार मारून बघा, मगच भाव करा. हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) काडतुसं नकोत. ती गोळी आवाजापेक्षा वेगात निघते आणि वाटेत त्या वेगाखाली येताना डळमळते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी सुरुवातीपासूनच खाली असते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात काडतुसांची डबी गाडीत विसरू नका, गोळीवरचं मेण पातळ होतं.

सातपुडा_यावल:
हे काकांसाठी. काका, रानडुक्कर वन्यजीव कायद्यात येतं, १९७२ च्या. वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा, पोराचा परवानाही धोक्यात. परवानगी मिळाली तरी .२२ चं हे काम नाही. जेमतेम अडीच ग्रॅमची शिशाची गोळी, डुक्कर जखमी होऊन केळीत शिरणार आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसावर येणार. हुकलेली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि रात्रीच्या लायटीला आपली किती माणसं वावरात असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. नुकसान झालं की लगेच वनखात्याकडे भरपाईचा अर्ज टाका. पैसे उशिरा येतात, पण येतात.

धागाकर्ता:
वडिलांना वाचून दाखवलं. "बरं" म्हणाले, म्हणजे अर्धं काम झालं. रविवारी धुळ्याला जातोय, मालक टोकन मागतोय.

नेमधरू_धुळे:
टोकन नको. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावंच लागतं. त्याची घाई त्याच्यापाशी. कळवल्याची पोच आधी बघा, आणि रविवारी भिंग न विसरता न्या.