पाळीव प्राणी सांभाळायचे गेम: मुलं त्यातून काही शिकतात का?

कोथरूडकरीण:
लेक आठ वर्षांची, कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलेली. आम्ही दोघंही दिवसभर नोकरीवर, म्हणून टॅबवर पिल्लू सांभाळायचा गेम घेऊन दिला. परवा पार्किंगमधल्या कुत्रीला एक मुलगा चॉकलेट द्यायला निघाला, तर हिनं त्याला अडवलं, "नको, आजारी पडेल ती." हे गेममधून कळलं म्हणे. माझे तरी पैसे वसूल.

नारायणपेठी:
चॉकलेटचं बरोबर आहे. त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्यांना बाधतं. पण हे आजोबाही सांगू शकतात, त्याला टॅब कशाला? गेममध्ये शी काढायची म्हणजे काचेवर बोट फिरवायचं. आमच्या लॅब्रॅडॉरच्या कानामागून पावसाळ्यात गोचिड्या काढायचो. एक तो मान झटकणार, त्यात ओल्या केसांचा वास, गोचिडी मुळाशी धरून सरळ ओढायची, तोंड आत राहता कामा नये. रात्री दोनला गादीवर उलटी, ती वेगळीच. तिथे पॉज नसतो.

जुना_खेळाडू:
पॉज तर १९९६च्या तामागोचीतही नव्हता! बांदाई या जपानी कंपनीचं ते अंड्याएवढं खेळणं, छोट्या पडद्यावरचा प्राणी सांभाळायचा. लक्ष दिलं नाही की आतला प्राणी मरायचा. मुलं वर्गात त्याला भरवत बसायची, म्हणून बऱ्याच शाळांनी बंदी घातली. २००५च्या निन्टेंडॉग्ज या कुत्रा पाळायच्या गेममध्ये कुत्रा मरतच नाही. मुलं रडलेली आपल्यालाच बघवत नाहीत, मग गेमवाले गोडगोडच विकणार. दोष एकट्या गेमचा नाही.

टेकडीवाला:
रडणं राहू दे. गेममधला कुत्रा कधी चावतो का? माझा भाचा असाच गेम खेळून 'कुत्र्यांचा जाणकार' झालेला. टेकडीवर पिल्लांजवळ बसलेल्या कुत्रीला कुरवाळायला गेला नि पोटरीला चावा घेऊन आला. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, मग लशीसाठी चार फेऱ्या: पहिल्या दिवशी, मग तिथून तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या. व्यालेल्या कुत्रीजवळ जायचं नाही, हे कुठल्या लेव्हलला शिकवतात?

कोथरूडकरीण:
भाच्याचं वाईट वाटलं. हे लेकीला आजच सांगते. पण नारायणपेठी, तुमचा मुद्दा कळला तरी एक विचारते. खरा कुत्रा आणला तर रात्री दोनला गादी धुवायला उठणार कोण, ती की मी?

नारायणपेठी:
तुम्ही. आमच्याकडेही हीच उठायची.