मोत्सार्टचा सोनाटा के. ५४५: पहिली धून एफ मेजरमध्ये का परतते?

प्रश्न:
मोत्सार्टच्या या सी मेजर पियानो सोनाटाच्या पहिल्या भागात रिकॅपिट्युलेशन (सुरुवातीच्या धुना परत येतात तो शेवटचा विभाग) नेमकं कुठून धरायचं? ४२व्या बारला (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातलं तालाचं एक माप) पहिली धून परत येते, पण मूळ सी मेजरऐवजी एफ मेजरमध्ये. सी मेजर पक्कं होतं ते थेट ५९व्या बारला, दुसऱ्या धुनेबरोबर. आणि एफ घेतला तो फक्त सुरुवातीचा मजकूर तसाच दुसऱ्या स्वरावरून उतरवणं, म्हणजे नक्कल करणं, सोपं जावं म्हणून, हे खरं का?

प्रतिसाद १:
४२ पासूनच धरा. एक्स्पोझिशन (धुना पहिल्यांदा मांडणारा विभाग) १ ते २८, डेव्हलपमेंट (मजकूर फिरवून पाहणारा मधला विभाग) २९ ते ४१, पुढे ७३ पर्यंत रिकॅपिट्युलेशन. ४२ नंतर सगळा मजकूर एक्स्पोझिशनच्याच क्रमानं येतो, तेव्हा ५९ला सुरुवात मानली तर आधीचे १७ बार कुठे बसवणार? डेव्हलपमेंट अवघं १३ बारांचं आहे आणि ते पहिल्या धुनेला हातही लावत नाही. एक्स्पोझिशनच्या शेवटी जी मेजरमध्ये आलेली आकृती जी मायनरमध्ये, मग डी मायनरमध्ये घेऊन ते पुढे सरकतं.

प्रतिसाद २:
नकलेचा मुद्दा बार मोजले की टिकत नाही. सी वरून जी ला जाणं आणि एफ वरून सी ला जाणं, दोन्ही पाचव्या स्वरावरच. म्हणजे पहिले १२ बार जसेच्या तसे एफ मध्ये उतरवले असते तरी दुसरी धून आपोआप सी मध्ये आली असती. मोत्सार्टनं तिथे १६ बार घेतलेत (४२ ते ५७). ४६ ते ४९ उजव्या हातात स्केल (ओळीनं चढत-उतरत जाणारे स्वर), आणि ५० ते ५३ त्याच स्केल डाव्या हाताकडे. हे चार बार एक्स्पोझिशनमध्ये नाहीतच. २६ जून १७८८ ला स्वतःच्या रचनांच्या यादीत त्यानं हा सोनाटा नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला, त्यामुळे डाव्या हातालाही काम देणं मला तरी हेतुपुरस्सर वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. ११-१२ला संगीत जी मेजर कॉर्डवर (एकत्र बसणाऱ्या स्वरांच्या गटावर) थांबतं, ५६-५७लाही तिथेच. पहिल्या वेळी तोच जी नवं घर होतो. दुसऱ्या वेळी तो डॉमिनंटच (सी चा पाचवा स्वर, सी कडे ओढणारा) राहतो आणि सी कडे उतरतो.

प्रतिसाद ३:
पाठांतर तिथेच फसतं. थांबा सारखाच असल्यानं बोटं ५७ नंतर सवयीनं जी मेजरच्या दुसऱ्या धुनेत शिरतात. ११ ते १४ आणि ५६ ते ५९ हे दोन तुकडे पाठोपाठ, आलटून पालटून वाजवा. १३ आणि ५८ या बारांत डावा हात एकटाच असतो, तो आधी पक्का करा. दुसरी चूक ४२ नंतरची: की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला ठरवून दिलेले शार्प-फ्लॅट) बदलत नाही, बी फ्लॅट प्रत्येक वेळी सुटा लिहिलेला असतो, आणि स्केलच्या वेगात तो निसटतो. उजव्या हाताला एफ मेजर स्केल एफ पासून चढताना १-२-३-४-१-२-३-४ (१ म्हणजे अंगठा), म्हणजे बी फ्लॅटवर चौथं बोट. इथल्या स्केल मात्र डी, सी, बी फ्लॅट, ए अशा एकेक स्वर खालून सुरू होतात, म्हणून प्रत्येक बारचं बोटांचं काम वेगळं लिहून ठेवा.

प्रश्नकर्ता:
५७ आणि १२ शेजारी ठेवून पाहिल्यावर उलगडलं. सबडॉमिनंटमधून (मूळ स्वरापासूनचा चौथा स्वर, सी साठी एफ) परतणं आणखी कुठे सापडेल?

प्रतिसाद २:
शूबर्टच्या पाचव्या सिंफनीचा (१८१६) पहिला भाग बघा. बी फ्लॅट मेजरचा भाग, आणि धून परतते ई फ्लॅटमध्ये.