टीपीयूच्या डीएससी आलेखातील अनेक शिखरे

टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे तापवून पुन्हा आकार देता येणारे रबरासारखे प्लास्टिक) तापवताना डीएससी आलेखात (नमुना तापवताना तो किती उष्णता शोषतो वा सोडतो याच्या आलेखात) दिसणारी दोन-तीन उष्णताशोषी शिखरे म्हणजे हायड्रोजन बंध टप्प्याटप्प्याने तुटल्याची खूण, असे काही वेळा म्हटले जाते. हे स्पष्टीकरण पूर्वी प्रचलित होते. परंतु सेमूर आणि कूपर या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की नमुना वाढत्या तापमानाला अनील करत (म्हणजे ठरावीक तापमानाला काही काळ ठेवत) गेल्यास कमी तापमानाचे शिखर जास्त तापमानाकडे सरकते आणि शेवटी वरच्या शिखरात मिसळते. म्हणजेच ही शिखरे टीपीयूच्या साखळीतील कठीण खंडांच्या कमी-अधिक सुव्यवस्थेची आहेत. एमडीआय (एक डायआयसोसायनेट) आणि ब्युटेनडायॉल यांचे हे खंड साखळीतील मृदू पॉलिईथर भागापासून अलग होऊन काही नॅनोमीटर आकाराची क्षेत्रे बनवतात व भौतिक जोडबंधांचे (रासायनिक बंधाविना साखळ्या एकत्र धरणाऱ्या गाठींचे) काम करतात. मृदू भागाचे काचसंक्रमण (ज्या तापमानाखाली तो काचेसारखा कडक होतो) मात्र शून्य अंशाच्या बरेच खाली राहते. हे विलगीकरण अपुरे असेल तर तेच संक्रमण वर सरकते, आणि माझ्या मते आलेखात सर्वांत आधी हेच पाहावे.

मोल्डिंगनंतर लगेच घेतलेला आणि खोलीच्या तापमानाला काही आठवडे ठेवलेला नमुना यांचे आलेख म्हणूनच वेगळे येतात. साधारण ६०-८० अंशांच्या आसपासचे लहान शिखर अशा साठवणुकीतूनच उद्भवते, दुसऱ्या तापवणीत ते दिसत नाही. तेव्हा नमुन्याचा औष्णिक इतिहास नोंदवल्याशिवाय दोन ग्रेडची तुलना करू नये.